सुरकुती आणि आंबट रस

चिंचेच्या कोळानें तांब्याचा हंडा घांसला म्हणजे त्यावरचा काळपट थर निघून जातो व खालचें तांबूस तेज पुन्हां दिसूं लागतें, हें आपल्याकडील लहान मुलांसहि ठाऊक असतें. मनुष्याच्या मुखावर वयानें जो थर चढतो तोहि अशाच एखाद्या आंबट रसानें उतरेल काय, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्या प्रश्नाचें उत्तर हल्लीं लहानलहान बाटल्यांत भरून विकलें जातें. बाटलीवर 'ए. एच. ए.' हीं तीन अक्षरें असतात आणि जाहिरातींत 'कोलॅजन वाढवितें' असें आश्वासन असतें.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या बाटल्या आतां केवळ प्रौढांच्या फडताळांत राहिल्या नसून आठवी-नववींतील मुलामुलींच्या दप्तरांपर्यंत येऊन पोंचल्या आहेत. ज्या चेहऱ्यावर अद्याप एकहि सुरकुती नाहीं त्याला सुरकुतीचें औषध लावलें जात आहे. बाटलीस पैसे नाहींत म्हणून कोणी लिंबू कापून तेंच गालावर चोळतो. यांत हित कोणतें व अहित कोणतें हें आईबापांस सांगणारें जवळ कोणी नसतें. शास्त्र शिकल्याचा उपयोग अशा वेळीं झाला पाहिजे. म्हणून कोलॅजन म्हणजे काय, आंबट रस त्वचेवर नेमकें काय करतो, आणि जाहिरातींतील वाक्यांत खरें किती व फुगविलेलें किती, याचा विचार आम्ही या लेखांत क्रमानें करणार आहों.

१. हीं आम्लें कोणतीं?

रसायनशास्त्रांत ज्यांस 'अल्फा हायड्रॉक्सी आम्लें' म्हणतात, तीं आपल्या स्वयंपाकघरांतलीं जुनीं ओळखीचींच आहेत. दह्यास आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लामुळें. चिंचेंत व द्राक्षांत टार्टारिक आम्ल असतें, सफरचंदांत मॅलिक, लिंबांत सायट्रिक, आणि ऊंसाच्या रसांत थोडेंसें ग्लायकोलिक आम्ल असतें. यांतील बहुतेक आम्लें शुद्ध स्वरूपांत वेगळीं काढण्याचा मान स्वीडन देशांतील कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाकडे जातो. औषधें तयार करण्याचा त्याचा व्यवसाय होता. त्यानें १७६९ सालीं टार्टारिक आम्ल, १७८० सालीं नासलेल्या दुधांतून लॅक्टिक आम्ल, १७८४ सालीं लिंबाच्या रसांतून सायट्रिक आम्ल व १७८५ सालीं सफरचंदांतून मॅलिक आम्ल वेगळें केलें.

आतां नांवाचा अर्थ पाहूं. या प्रत्येक आम्लाच्या रेणूंत कर्बाचा एक अणु असा असतो कीं, त्याला प्राणवायूचे दोन व उदजनाचा एक अणु जोडलेला असतो. आम्लाचा आंबटपणा या गटांत आहे. या गटाच्या अगदीं शेजारीं जो कर्बाचा अणु बसतो, त्यास 'अल्फा' म्हणजे पहिला म्हणतात. त्या पहिल्या अणूवर प्राणवायु व उदजन यांची एक जोडी, म्हणजे 'हायड्रॉक्सी' गट, असला कीं तें अल्फा हायड्रॉक्सी आम्ल झालें. यांत सर्वांत लहान रेणु ग्लायकोलिक आम्लाचा. त्याचा रेणुभार ७६, तर लॅक्टिक आम्लाचा ९०. हा लहानपणा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ग्लायकोलिक आम्लाच्या बाटलीवर पुष्कळदां ऊंसाचें चित्र असतें. पण बाजारांतील बहुतेक ग्लायकोलिक आम्ल कारखान्यांत साध्या रसायनांपासून बनवितात. यांत फसवणूक झाली असें समजूं नये, कारण रेणु तोच असला कीं गुणहि तोच. मात्र 'निसर्गांतलें म्हणून निरुपद्रवी' ही समजूत त्या चित्रामुळें होत असेल, तर ती सोडून दिली पाहिजे.

२. त्वचेची रचना व कोलॅजन

आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन: वरची पातळ बाह्यत्वचा व खालची जाड अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशीं नव्या पेशी सतत जन्मास येतात. त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या व निर्जीव होतात, आणि शेवटीं अगदीं वरच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात. या पापुद्र्यांत मृत पेशींचे साधारण पंधरा ते वीस थर विटांप्रमाणें रचलेले असतात, व त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा जणूं चुना भरलेला असतो. तळापासून निघून गळून पडेपर्यंतचा पेशीचा प्रवास तरुणपणीं सुमारें चार आठवड्यांचा असतो. वय वाढलें कीं तो लांबतो. म्हणून उतारवयांत मृत पेशी अंगावर अधिक काळ रेंगाळतात व कातडी कोरडी आणि निस्तेज दिसते.

परंतु सुरकुतीचें मूळ या पापुद्र्यांत नसून खालच्या अंतस्त्वचेंत आहे. पाणी वगळलें तर अंतस्त्वचेच्या वजनाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचा असतो. 'कोला' या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, आणि कोलॅजन म्हणजे सरस उत्पन्न करणारें. हें नांव अगदीं सार्थ आहे. कातडीं व हाडें उकळून आपले सुतार जो सरस करीत असत, तें शिजून विरघळलेलें कोलॅजनच होय. कोल्हापुरी वहाणेचें चामडेंहि मुख्यतः कोलॅजनच आहे. बाभळीची साल व हिरडा यांतील तुरट द्रव्यें त्याचे तंतु एकमेकांस जखडून टाकतात, म्हणून कमावलेलें चामडें कुजत नाहीं.

या प्रथिनाची घडण शोधून काढण्यांत भारताचा वांटा मोठा आहे. १९५४ सालीं मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, कोलॅजनचा रेणु हा तीन पेडांचा आहे. अभ्यासासाठीं लागणारें कोलॅजन त्यांस त्याच शहरांतील चर्मसंशोधन संस्थेकडून मिळालें होतें. एकेका पेडांत सुमारें हजार अमायनो आम्लें मण्यांसारखीं ओंवलेलीं असतात, आणि दर तिसरा मणि ग्लायसीन नांवाचा, सर्वांत लहान, असतो. तीन पेड एकमेकांभोंवतीं पिळले म्हणजे मध्यें जी चिंचोळी जागा राहते, तींत दुसरा कोणताहि मणि मावत नाहीं. सुंभाची दोरी वळतांना तीन पेड घेतात तें बळकटीसाठीं. निसर्गानेंहि तेंच केलें आहे. हा रेणु एक सेंटिमीटर जाडीच्या दोरीएवढा कल्पिला, तर त्याची लांबी दोन मीटर भरेल, इतका तो सडपातळ आहे.

पेड पक्के होण्यास 'क' जीवनसत्त्व लागतें. तें आहारांत मुळींच नसेल तर कोलॅजन कच्चें राहतें, हिरड्यांतून रक्त येतें, जुन्या जखमा पुन्हां उकलतात. पूर्वीं लांबच्या समुद्रप्रवासांत खलाशांस हाच स्कर्व्ही रोग होई. १७४७ सालीं जेम्स लिंड या ब्रिटिश नाविक वैद्यानें कांहीं रुग्ण खलाशांस संत्रीं व लिंबें देऊन, व इतरांस दुसरे उपाय करून, कोणाचा रोग हटतो हें पाहिलें. संत्रीं-लिंबें खाणारे खलाशी सर्वांच्या आधीं बरे झाले. तेव्हां कोलॅजनसाठीं लिंबाचा उपयोग आहे खरा, पण तो पानांत वाढून. गालावर चोळून नव्हे.

ज्यांस कोलॅजन प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं कोंबडीच्या तंगडीचें हाड स्वच्छ करून एक आठवडा व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावें, व मधूनमधून व्हिनेगर बदलावें. हाडांतील चुन्याचे क्षार आम्लांत विरघळतात आणि उरलेलें हाड रबरासारखें वांकतें. वांकणारा तो भाग मुख्यतः कोलॅजन होय.

३. सुरकुती कां पडते?

अंतस्त्वचेंत तंतुजनक पेशी असतात. कोलॅजनचे धागे विणणें हें त्यांचें काम. जुने व तुटके धागे कापून काढणारीं द्रव्येंहि शरीरांतच तयार होतात. त्यांस विकर म्हणतात. बाल्यांत व तारुण्यांत विणणें व कापणें यांचा मेळ बसलेला असतो. पुढें विणणें मंदावतें. प्रौढ वयांत त्वचेंतील कोलॅजन वर्षास सुमारें शेंकडा एक या मानानें कमी होत जातें, असें मोजणीनें दिसून आलें आहे. हें झालें काळाचें काम. त्याला कोणी चुकविलेलें नाहीं.

पण काळाहून मोठा चोर सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण हा आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत गॅरी फिशर, जॉन वूरहीस व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ व १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, हे किरण पडल्यावर कांहीं तासांतच त्वचेंत कोलॅजन कापणाऱ्या विकरांचें प्रमाण वाढतें. कातडी लाल होण्याइतकेंहि ऊन लागावें लागत नाहीं. प्रत्येक वेळीं थोडे धागे कापले जातात, दुरुस्ती होते पण पूर्ण होत नाहीं, आणि वर्षानुवर्षांची ही तूट सांठत जाते. शिवाय तंतुजनक पेशी ताणलेल्या धाग्यांस धरूनच नीट काम करूं शकते. ताणा सैल झालेल्या मागावर कितीहि चांगला विणकर बसला तरी कापड नीट उतरत नाहीं. त्याचप्रमाणें आजूबाजूचे धागे तुटले कीं ती पेशी आक्रसते, नवें कोलॅजन कमी करते व कापणारीं विकरें अधिक सोडते. एका नुकसानींतून दुसरें असें हें चक्र आहे.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत २०१२ सालीं छापलें गेलें. एका ६९ वर्षांच्या गृहस्थानें २८ वर्षें मालमोटार चालविली होती. तेथें चालक डाव्या बाजूस बसतो. खिडकींतून येणारें ऊन त्याच्या डाव्या गालावर पडे. त्या गालाची कातडी जाड होऊन तीवर खोल सुरकुत्या पडल्या होत्या. उजवा गाल मात्र त्या मानानें पुष्कळच नितळ होता. चेहरा एकच, वय एकच, रक्त एकच, फरक उन्हाचा. खिडकीची कांच अतिनील किरणांपैकीं कांहीं अडविते, पण खोल जाणारे किरण तींतून पार होतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हां आपल्या लांब पल्ल्याच्या चालकांनीं उजव्या गालाची काळजी घेतली पाहिजे हें उघड आहे.

हेंच घरींहि पाहतां येतें. आपल्या आजीच्या दंडाची आंतली बाजू व तिच्या हाताचा पंजा यांची तुलना करावी. दोहोंचें वय सारखेंच. पण एका जागेनें आयुष्यभर सांवली भोगली आणि दुसरीनें शेतांतलें, पाणवठ्यावरचें व अंगणांतलें ऊन सोसलें. आपल्या सांवळ्या त्वचेंतील रंगद्रव्य अतिनील किरणांस पुष्कळसें अडवितें, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षां आपणांस सुरकुत्या उशिरां पडतात. हें रंगाचें देणें आहे. त्याची लाज कोणीं वाटून घेऊं नये.

४. आम्ल काय करतें?

आंबट रस त्वचेवर दोन कामें करतो, व तीं वेगवेगळीं ओळखणें हा या लेखांतील मुख्य धडा आहे.

पहिलें काम पृष्ठभागावरचें. मृत पेशींस एकमेकींशीं बांधून ठेवणारे जे सांधे असतात, त्यांस कॅल्शियमची गरज असते. आम्ल तें कॅल्शियम धरून ठेवतें, सांधे ढिले पडतात, आणि रेंगाळलेल्या मृत पेशी लवकर गळतात. खालून नव्या पेशी वर येण्याची गति वाढते. कांहीं आठवड्यांतच कातडी मऊ व तुकतुकीत दिसूं लागते. हा फायदा खरा आहे. परंतु त्याचा कोलॅजनशीं कांहीं संबंध नाहीं. हंडा घांसल्यासारखेंच हें काम आहे.

दुसरें काम खोलवरचें, आणि तें मंद आहे. ग्लायकोलिक आम्लाचा रेणु लहान असल्यानें त्याचा कांहीं अंश खालीं झिरपतो. प्रयोगशाळेंत तंतुजनक पेशी कांचेच्या पात्रांत वाढवून त्यांस ग्लायकोलिक आम्ल दिलें असतां त्या अधिक कोलॅजन तयार करतात, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. पुढें २००३ सालच्या एका संशोधनांत असेंहि दिसलें कीं, आम्लाचा स्पर्श झालेल्या बाह्यत्वचेच्या पेशी कांहीं रासायनिक निरोप सोडतात, व ते अंतस्त्वचेच्या कारभारावर परिणाम करतात. म्हणजे आम्ल स्वतः कोलॅजन नव्हे, आणि तें कोलॅजन आंत भरीतहि नाहीं. तें विणकरास जागें करतें. विणणें हें शरीरानेंच करावयाचें असतें. हें काम सावकाशीचें कां, याचीहि कल्पना करतां येते. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें आपल्या त्वचेंतील निम्में कोलॅजन बदलण्यास सुमारें पंधरा वर्षें लागतात. असल्या कापडाचा पोत आठवड्यांत बदलत नसतो.

येथेंच दुसऱ्या एका जाहिरातीचाहि निकाल लागतो. कांहीं मलमांत कोलॅजनच घातलेलें असतें. त्वचेंतून सहज पार होण्यासाठीं रेणुभार साधारण ५०० च्या आंत असावा लागतो, असा अनुभवाचा नियम आहे. ग्लायकोलिक आम्लाचा ७६. कोलॅजनचा सुमारें तीन लाख, म्हणजे जवळजवळ चार हजारपट. सुईच्या नेढ्यांतून दोरखंड ओंवण्यासारखाच हा प्रकार. असें मलम वर ओलावा राखील, पण सुरकुतीच्या मुळापर्यंत पोंचणार नाहीं.

५. पुरावा काय सांगतो?

या आम्लांचा वैद्यकांत उपयोग प्रथम सौंदर्यासाठीं झाला नाहीं. फिलाडेल्फिया शहरांत युजीन व्हॅन स्कॉट व रुई यू या दोघांनीं १९७४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या रोगांत अंगावर माशाच्या खवल्यांसारखे जाड पापुद्रे येतात, त्यांत या आम्लांचें मलम गुणकारी ठरतें. दुखणाईतांसाठीं शोधलेली वस्तु पुढें बाजारांत गेली. मग ती सुरकुतीवर चालते काय याची कसोशीनें तपासणी झाली. १९९६ या एकाच वर्षीं प्रसिद्ध झालेले तीन प्रयोग आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

पहिल्यांत, रुग्णांच्या एका हातावर शेंकडा २५ आम्ल असलेलें औषध व दुसऱ्या हातावर आम्ल नसलेलें तसेंच औषध सरासरी सहा महिने लावलें. आम्लाच्या बाजूची त्वचा सुमारें शेंकडा २५ नें जाड झाली, व सूक्ष्मदर्शकाखालीं कोलॅजनची दाटी वाढलेली दिसली. म्हणजे कोलॅजनवर परिणाम होतो, ही गोष्ट निराधार नाहीं.

दुसऱ्यांत, लॅक्टिक आम्ल दोन प्रमाणांत तीन महिने वापरलें. शेंकडा १२ प्रमाणाच्या औषधानें बाह्यत्वचा व अंतस्त्वचा दोन्ही अधिक घट्ट व जाड झाल्या. शेंकडा ५ प्रमाणाच्या औषधानें वरच्या थरांत फरक पडला, पण अंतस्त्वचेंत कांहींच झालें नाहीं. कोलॅजन राहतें अंतस्त्वचेंत, हें वाचकांस स्मरत असेलच. याचा अर्थ स्पष्ट आहे. शेंकडा पांच टक्क्यांची बाटली कातडी मऊ करील. परंतु तिच्यावर 'कोलॅजन वाढवितें' असें छापलें असेल, तर बलवान औषधाची कीर्ति दुर्बळ औषधास चिकटविली आहे असें समजावें.

तिसरा प्रयोग सर्वांत बोधप्रद. उन्हानें चेहरा बिघडलेल्या ४० ते ७० वर्षें वयाच्या ७४ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटास शेंकडा ८ ग्लायकोलिक आम्लाचें मलम, दुसऱ्यास शेंकडा ८ लॅक्टिक आम्लाचें, व तिसऱ्यास आम्ल नसलेलें नुसतें मलम दिलें. कोणास काय दिलें हें लावणारीस ठाऊक नव्हतें. बावीस आठवड्यांनीं पाहिलें तों निदान एका पायरीची सुधारणा ग्लायकोलिक गटांत शेंकडा ७६ जणींत, लॅक्टिक गटांत शेंकडा ७१ जणींत, आणि नुसत्या मलमाच्या गटांत शेंकडा ४० जणींत आढळली. आतां जाहिरात लिहिणारा पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत छापील व तिसरा गाळील. पण विद्यार्थ्यानें तिसरा आंकडा आधीं शोधावा. नुसत्या मलमानें, नियमानें तोंडाची निगा राखल्यानें व आशेनें जर चाळीस जणींत सुधारणा दिसते, तर ७६ तून ४० वजा करून उरलेल्या ३६ जणींचेंच श्रेय ग्लायकोलिक आम्लास देतां येईल. हें श्रेय लहान नाहीं. परंतु तें ७६ हि नव्हे. लिंडनें जी गोष्ट जहाजावर केली तीच येथें झाली आहे. तुलनेशिवाय कोणत्याहि उपायाची किंमत कळत नाहीं.

६. धोका कोठें आहे?

आम्लाचें बळ केवळ त्याच्या टक्केवारीवर ठरत नाहीं. आंबटपणाचें माप 'पी-एच' या अंकानें सांगतात. अंक जितका लहान तितका आंबटपणा अधिक. लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या बाबतींत पी-एच सुमारें ३.८ असतांना निम्में आम्ल मोकळें असतें व निम्में क्षाररूपांत बांधलेलें असतें. मुख्यतः मोकळें आम्लच त्वचेंत शिरतें. चांगल्या दह्यांत लॅक्टिक आम्ल एक टक्क्याच्या आसपास व पी-एच सुमारें ४.५ असतो. हिशेब केला तर त्यांतील जेमतेम पंचमांश आम्ल मोकळें भरतें. म्हणून डाळीच्या पिठांत दहीं कालवून लावण्याची आपल्या आज्यांची रीत सौम्य आहे. तिनें फारसें कांहीं बिघडत नाहीं, आणि कोलॅजनहि वाढत नाहीं.

लिंबाची गोष्ट निराळी. त्याच्या रसाचा पी-एच २ च्या जवळपास असतो. अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निर्णयांत घरगुती वापराच्या ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांसाठीं शेंकडा १० पेक्षां अधिक प्रमाण नसावें, पी-एच ३.५ पेक्षां कमी नसावा, आणि उन्हापासून संरक्षण करावें, अशी मर्यादा घातली. लिंबाचा रस या मर्यादेच्या फार बाहेर आहे. शिवाय लिंबाच्या सालींत अशीं द्रव्यें असतात कीं, तीं अंगास लागून वर ऊन पडलें तर फोड येतात व मागें महिनोन् महिने काळे डाग राहतात.

आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, आम्ल एका हातानें जें देतें तें ऊन दुसऱ्या हातानें हिरावून घेतें. वरचा पापुद्रा पातळ झाला कीं त्वचा उन्हास अधिक हळवी होते. शेंकडा १० ग्लायकोलिक आम्ल चार आठवडे लावून घेतलेल्या प्रयोगांत हा हळवेपणा स्पष्ट दिसला, व वापर थांबविल्यावर एका आठवड्यांत तो नाहींसा झाला. यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २००५ सालीं उत्पादकांस सूचना केली कीं, उन्हापासून जपण्याचा इशारा बाटलीवर छापावा, आणि वापर बंद केल्यावरहि एक आठवडा तें जपणें चालूं ठेवण्यास सांगावें. रात्रीं आम्ल लावून दुसऱ्या दिवशीं दुपारीं उघड्या डोक्यानें मैदानावर खेळणारा मुलगा जें वांचवावयास निघाला, तेंच कोलॅजन गमावून बसतो.

आपल्या त्वचेस आणखी एक जपणूक लागते. सांवळ्या कातडीची आग झाली, ती सोलली गेली, तर बरी होतांना त्या जागीं काळे डाग पडण्याचा संभव अधिक. शेंकडा २० पासून ७० पर्यंत आम्ल लावून कातडी सोलण्याचा जो उपचार आहे, तो त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरनेंच करावयाचा. घरीं बाटली मागवून कधींहि करूं नये. तांब्याचा हंडा निर्जीव आहे, तो कितीहि घांसला तरी त्याला जखम होत नाहीं. त्वचा जिवंत आहे.

७. पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकहो, आपल्या मुलामुलींची त्वचा विणण्याच्या कामांत सध्यां भरात आहे. त्या विणकरास जागें करण्याची गरज नाहीं, कारण तो निजलेलाच नाहीं. मुरुमांसाठीं डॉक्टरनें असलें औषध दिलें तर तें त्याच्या सांगण्याप्रमाणें अवश्य वापरावें. पण सुरकुतीच्या भीतीनें बाराव्या-पंधराव्या वर्षीं आम्ल लावणें म्हणजे नव्या कोऱ्या वस्त्रास भट्टी देणें होय. आणि जन्माचा वर्ण या आम्लांनीं बदलत नाहीं. तो बदलावा असें जी जाहिरात मुलीच्या मनांत भरविते, ती तिच्या कातडीआधीं तिच्या मनास इजा करते. त्या इजेवर बाटली नाहीं. घरांतील माणसांचे शब्दच तिला जपतील.

प्रौढांपैकीं ज्यांस हीं आम्लें वापरावयाचीं असतील त्यांनीं प्रमाण व पी-एच पाहून घ्यावें, आधीं कानामागें थोडें लावून पाहावें, आग झाल्यास थांबावें, आणि निदान पांचसहा महिने धीर धरावा. दिवसां उन्हापासून संरक्षण केल्याशिवाय मात्र वापरूं नये.

विद्यार्थ्यांनो, कोलॅजन राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय सांवली हा आहे. आपली सांवली आपल्याहून आंखूड पडत असेल, तेव्हां ऊन कडक आहे असें समजावें व छत्री, टोपी, ओढणी किंवा उन्हाचें मलम यांचा आश्रय करावा. आंवळा, पेरू, लिंबू खावें. तंबाखूच्या धुरापासून दूर राहावें. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर पडतात, हें पुष्कळ निरीक्षणांत आढळलें आहे. राखलेलें कोलॅजन हें मिळविलेल्या कोलॅजनपेक्षां नेहमींच अधिक असतें.

वर्गांत चर्चा करण्यासाठीं प्रश्न:

(१) शेंकडा ८ लॅक्टिक आम्लाच्या मलमानें १०० पैकीं ७१ जणींत सुधारणा झाली. नुसत्या मलमानें ४० जणींत झाली. आम्लाचें स्वतःचें श्रेय किती?

(२) 'आमच्या मलमांत शुद्ध कोलॅजन आहे' या वाक्यांत खोटें कांहीं नसूनहि दिशाभूल कशी होते, तें सांगा.

(३) जास्वंदीच्या फुलाचा रस आम्लांत तांबडा व अल्कांत हिरवा होतो. दहीं, चिंचेचा कोळ, लिंबाचा रस व साबणाचें पाणी यांत तो टाकून रंग नोंदवा.

(४) घरांत असलेल्या एखाद्या बाटलीवरील मजकूर वाचून आणा. आम्लाचें प्रमाण, पी-एच व उन्हाविषयींचा इशारा यांपैकीं कोणती माहिती दिली आहे व कोणती दिलेली नाहीं, याची यादी करा.